व्हाळातला पिकू

"काका, तुम्ही घरात डास पाळताय?"

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी पाण्याची भांडी तपासायला आलेल्या आरोग्यसेविकेने मला हा प्रश्न विचारला. साताऱ्यातल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात एक निळे पिंप आहे. तिने झाकण उचलले, विजेरीचा झोत टाकला आणि आत वळवळणाऱ्या शेकडो अळ्या पाहून एक पाऊल मागे घेतले. मग वही उघडून तिने काहीतरी लिहिले. सदतीस वर्षे बँकेत काढली असल्यामुळे तपासनिसाने वहीत लिहिले म्हणजे काय होते, हे मला चांगले कळते.

"पाळतोय, पण डास नाही. अळ्या," मी म्हणालो. हे उत्तर माझ्या बाजूचे नाही, हे तोंडातून बाहेर पडताच लक्षात आले. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आमच्या सौ. म्हणाल्या, "लिहा हो ताई, चांगलं ठळक लिहा. मी सांगून थकले."

शेवटी मी चहाची जुनी गाळणी घेतली, पिंपातल्या अळ्या गाळल्या आणि त्या मुलीला बाहेरच्या खोलीत नेले. तिथे कोपऱ्यात तीन फुटी काचेची टाकी आहे. पाण्यावर अळ्या सोडल्या. झाडांच्या सावलीत, पाण्याच्या अगदी पृष्ठभागाखाली, काटक्या तरंगत असाव्यात तसे सहा मासे निश्चल उभे होते. त्या काटक्या एकदम हलल्या. पाव मिनिटात पाणी स्वच्छ झाले.

"गप्पी आहेत का?" तिने विचारले.

"नाही. हा पिकू."

हे नाव तिने ऐकलेले नव्हते. आपल्यापैकी बहुतेकांनी ते ऐकलेले नसेल. मीसुद्धा ते ऐकले वयाच्या तिशीला टेकल्यावर आणि ते पुस्तकात नव्हे, ओढ्याच्या काठावर.

१९८८ साली माझी बदली सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या एका खेड्यातल्या शाखेत झाली. मी मूळचा माणचा. पाणी म्हणजे टँकर, पाणी म्हणजे घागरींची रांग, हे बघत वाढलेला. १९७२ च्या दुष्काळात आमच्या गावाची विहीर तळाला गेली तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो आणि सुटीत खडी फोडायला जात होतो. अशा माणसाला सरकारी कृपेने एकदम कोकणात नेऊन सोडले. शाखेच्या मागून एक व्हाळ वाहत होता. तिकडे ओढ्याला व्हाळ म्हणतात. दुपारच्या सुटीत मी डबा घेऊन त्याच्या काठी जाऊन बसत असे. नुसते वाहते पाणी बघण्यात माझा वेळ जाई, हे शिपायाला वेडेपणाचे वाटे.

तिथे शाळेतली दोन पोरे पंचा पाण्यात धरून मासे पकडत. एकदा त्यांच्या पंच्यात बोटाएवढा एक मासा आला. पाठ ऑलिव्ह रंगाची, अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या ओळी, मागच्या बाजूला काळपट आडवे पट्टे आणि डोक्यावर मधोमध चांदीच्या टिकलीसारखा एक चमकता ठिपका. मी विचारले, "खातात का हा?" त्यातला धाकटा माझ्या अज्ञानावर हसला. "सायबानू, ह्यो खाऊचो मासो न्हय! ह्यो पिकू." आणि त्याने तो परत पाण्यात टाकला.

खायच्या उपयोगाचा नाही म्हणून त्याला किंमत नाही आणि किंमत नाही म्हणून कोणाचे लक्ष नाही. कोकणातल्या पिकूचा एवढाच इतिहास मला तेव्हा कळला.

पुढे १९९४ मध्ये सांगलीला आलो आणि तिथेच राहिलो. सासरवाडीच्या गावभागात घर घेतले. मुलाच्या हट्टापायी टाकी आणली. आधी गोल्डफिश आले आणि यथावकाश मेले. तसे ते प्रत्येक मध्यमवर्गीय घरात मरतात. मग मुलाचा उत्साह संपला आणि माझा सुरू झाला. एकदा दुकानात पिवळ्याधमक रंगाचे चार मासे दिसले. दुकानदार म्हणाला, "साहेब, गोल्डन वंडर. किलीफिश आहे. इंपोर्टेड माल." भाव ऐकून मी निघालोच होतो. पण तेवढ्यात त्यातला एक वळला आणि दिव्याच्या उजेडात त्याच्या डोक्यावरची टिकली चमकली.

मी दुकानात उभ्या उभ्या मोठ्याने म्हणालो, "अरे, हा तर पिकू!"

दुकानदाराला वाटले, मी भाव पाडतो आहे.

खरे तर दोघेही बरोबर होतो. गोल्डन वंडर ही मत्स्यपालकांनी निवडून निवडून तयार केलेली पिवळी जात. पण मूळ मासा आपला, सह्याद्रीच्या ओढ्यांतला. शास्त्रात त्याचे नाव आप्लोकायलस लिनिएटस. व्हॅलेन्सिएन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४६ साली त्याचे पहिले वर्णन छापले ते मुंबईहून नेलेल्या माशांवरून. त्याच्या बंगालकडच्या भावंडाला हॅमिल्टनने त्याआधीच, १८२२ मध्ये, पंचॅक्स म्हटले होते आणि पुढे जगभरचे हौशी लोक या सगळ्या कुळालाच पंचॅक्स म्हणू लागले. आमच्या व्हाळावरच्या पोरांनी तो पंच्याने पकडला होता, हा निव्वळ योगायोग. तर मुंबईचा मासा पॅरिसला गेला, युरोपातल्या काचपेट्यांत रमला, रंग बदलला, नाव बदलले आणि सांगलीत परत आला तो परदेशी भाव लावून. माझ्या नात्यातला एक मुलगा असाच अमेरिकेहून परत आला आहे, पण तो विषय वेगळा.

किली या नावाने आमच्या घरात सुरुवातीला घबराट झाली. "नावातच किल आहे, कशाला आणलेत?" असे सौ. म्हणाल्या. या शब्दाचा मारण्याशी संबंध नाही. डच भाषेत ओढ्याला किल म्हणतात, त्यावरून हे नाव आले. म्हणजे किलीफिश याचा अर्थ ओढ्यातला मासा. हे मी त्यांना अभिमानाने सांगितले. दुर्दैवाने त्याच आठवड्यात टाकीतल्या बारा निऑन टेट्रांची खाती एकेक करून बंद झाली. रोज सकाळी मोजावे तर एक कमी. पिकूच्या तोंडात मावेल ते सगळे त्याच्या दृष्टीने अन्न असते, हा धडा मी तेव्हा शिकलो. त्याच्याबरोबर त्याच्याएवढेच किंवा त्याहून मोठे मासे ठेवावेत.

दुसरा धडा झाकणाचा. हा मासा राहतो पाण्याच्या वरच्या थरात. डोके वरून चपटे, तोंड आकाशाकडे उघडणारे. केरळात त्याच्या कुळाला मानत्तुकण्णि म्हणतात, म्हणजे आभाळाकडे डोळा लावलेला. पाण्यावर पडलेला किडा टिपायचा, ही त्याची रीत. त्यासाठी तो उडीही मारतो. झाकणात दोन बोटांची फट राहिली तरी तो नेमका तिथून बाहेर जातो आणि सकाळी फरशीवर वाळलेला सापडतो. माझे तीन असे गेले. तेव्हापासून आमच्या टाकीवर काच आहे, काचेवर शब्दकोशाचा एक खंड आहे आणि पंपाच्या नळीच्या खाचेत स्पंजाचा तुकडा आहे.

पण या माशाचा खरा आनंद आहे तो त्याच्या अंड्यांत. गप्पी जिवंत पिल्ले देते, त्यात आपल्याला करण्यासारखे काही उरत नाही. पिकूची मादी अंडी घालते ती एकदम नाही. रोज थोडी थोडी, पाणवनस्पतींच्या मुळांत एकेक चिकटवत जाते. मुळांच्या ऐवजी लोकर चालते. सौ.च्या विणकामातली हिरवी लोकर वीतभर लांबीत कापायची, पंचवीस-तीस धाग्यांचा झुबका बांधायचा आणि बाटलीच्या बुचाला लटकवून पाण्यात सोडायचा. ही लोकर आधी गरम पाण्यातून काढावी लागते, नाहीतर तिचा रंग उतरतो. संध्याकाळी झुबका वर काढून बोटांनी चाचपला की साबुदाण्याच्या कणीसारखी, काचेसारखी पारदर्शक अंडी लागतात. ती इतकी चिवट असतात की बोटांनी उचलता येतात. कधी तीन, कधी सात, कधी एकही नाही. मी ती वहीत तारखेनिशी लिहितो. सवय जात नाही. बँकेच्या भाषेत ही आवर्ती ठेव. रोज थोडे भरायचे आणि बारा-चौदा दिवसांनी एकेक मुदत पुरी होत जाते.

आठवड्याने अंड्यात दोन काळे डोळे दिसू लागतात. पुढे ते डोळे हलतात. भिंगातून बघणाऱ्या माणसाकडे अंड्यातून कोणीतरी बघते आहे, हा अनुभव मला शब्दांत नीट सांगता येत नाही. पिल्लू बाहेर आले की ते लगेच वरच्या थरात जाते. त्याला आईबापांपासून दूर ठेवावे लागते, कारण वर सांगितलेला तोंडात मावण्याचा नियम स्वतःच्या लेकरांनाही लागू आहे. पहिले काही दिवस कडब्याचे तुकडे पाण्यात कुजवून झालेले सूक्ष्म जीव, मग मिठाच्या पाण्यात उबवलेले आर्टेमिया आणि महिन्याभरात डासांच्या बारक्या अळ्या. असा हा मागच्या अंगणातल्या पिंपाचा इतिहास.

या किलींचे आफ्रिकेतले चुलतभाऊ आहेत. त्यांची गोष्ट माझ्यासारख्या माणच्या माणसाला ऐकवलीच पाहिजे अशी आहे. पूर्व आफ्रिकेत पावसाळ्यात साचणाऱ्या डबक्यांत ते राहतात. डबके आटले की सगळे मासे मरतात, एकही उरत नाही. उरतात ती चिखलात पुरलेली अंडी. भेगाळलेल्या तळाखाली ती महिनोन्महिने थांबतात आणि पुन्हा पाऊस पडला की त्यांतून मासे बाहेर येतात. सगळी अंडी पहिल्या सरीला फुटत नाहीत, हे विशेष. पाऊस फसवा निघाला आणि डबके लगेच आटले तर? म्हणून काही अंडी मागे राहतात. दुबार पेरणीचे संकट आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. या माशाच्या अंगातच त्याची तरतूद आहे. नोथोब्रँकियस फुर्झेरी नावाची त्यांतली एक जात तर बाहेर आल्यापासून दोन आठवड्यांत वयात येते आणि प्रयोगशाळेत काही महिन्यांतच म्हातारी होते. म्हातारपण म्हणजे काय याचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ म्हणूनच तिच्यामागे लागले आहेत. २०१५ साली तिचा सगळा जनुकसंच वाचून झाला.

आपल्याकडे वर्षभरात संपणारे असे मासे नाहीत. पण कासच्या पठारावर आणि सह्याद्रीच्या इतर सड्यांवर पावसात भरणाऱ्या खडकांतल्या डबक्यांत पऱ्यांसारखी उताणी पोहणारी नाजूक कोळंबी सापडते. तिचीही अंडी अशीच उन्हाळाभर कोरडी पडून असतात. अशा कोळंबीच्या एका जातीला २०१४ मध्ये सह्याद्रीचेच नाव मिळाले. फुले बघायला गेलात तर एखाद्या डबक्यापाशी थोडे थांबा.

पुण्याच्या एका स्नेह्याने मला २०१८ मध्ये झांझिबारच्या नोथोब्रँकियस गुएंथेरीची अंडी दिली. ओलसर कोकोपीट, प्लास्टिकची पिशवी आणि वर चिठ्ठी: अमुक तारखेनंतर पाणी घालावे. ही मात्र मुदत ठेव. मुदतीआधी मोडली तर हाती काही लागत नाही. तारखेला पाणी ओतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पापणीच्या केसाएवढी पिल्ले फिरत होती. दोन-तीन महिन्यांत नरांची अंगे निळसर झाली, शेपट्या लाल. पुढच्या मेमध्ये त्यांचे रंग उतरू लागले, पाठी वाकल्या. खाणे टाकले की ते तोंडासमोर येऊनही नेम चुके. ३१ मे २०१९ ला मी निवृत्त झालो. निरोप समारंभातली शाल खांद्यावर घेऊनच टाकीसमोर बसलो होतो. सौ. म्हणाल्या, "आता त्यांच्याकडे बघून कादंबरी लिहू नका." मी लिहिली नाही. त्यांनी कोकोपीटमध्ये पुरलेली अंडी तेवढी पिळून, पिशवीत बांधून, तारीख लिहून माडीवरच्या कपाटात ठेवली.

ऑगस्टमध्ये पूर आला.

सांगलीच्या माणसाला पूर फुटांत कळतो. आयर्विन पुलाशी पाणी ४० फुटांना गेले की सावध व्हायचे, ४५ ला धोका. २००५ मध्ये ते जवळजवळ ५४ फुटांवर गेले होते आणि आमच्या उंबऱ्याला लागून परतले होते. त्या हिशोबाने आम्ही २०१९ मध्ये सामान दोन फूट वर चढवले आणि निर्धास्त बसलो. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. आम्ही होडीतून बाहेर पडलो तेव्हा बैठकीच्या खोलीत छातीएवढे पाणी होते. टाकीचे झाकण, शब्दकोशासह, तरंगत होते. अंगणातल्या सिमेंटच्या हौदात मी पिकूंना खाऊ म्हणून गप्पी वाढवले होते, शेकड्यांनी. तो हौद कुठे आहे, हेही दिसत नव्हते.

लोकांची घरे गेली, गुरे गेली, काहींची माणसे गेली. अशा वेळी माशांचे बोलणेही शोभले नसते आणि मी बोललो नाही. पाणी ओसरल्यावर टाकीत वीतभर गाळ होता. तो उपसताना माझ्या डोक्यात मात्र ते गप्पी होते. मेलेले नव्हे, जगलेले. हे मासे दक्षिण अमेरिकेतले. घाण पाण्यात जगतात, भराभर वाढतात. डास मारण्यासाठी म्हणूनच ते आपल्याकडे आणले. त्यांचाच नातलग गंबुसिया १९२८ मध्ये इटलीमार्गे भारतात आला. आज जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे, कारण तो डासांच्या अळ्यांबरोबर स्थानिक माशांची अंडीही खातो आणि त्यांचे पर कुरतडतो. गप्पी तेवढा आडदांड नाही, पण पाहुणा तोही, आणि गेल्या घरी जागा अडवणारा. आणि डास खाणारा मासा आपल्याकडे नव्हता असेही नाही. १९१२ साली कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधल्या सिवेल आणि चौधरी यांनी डास खाणाऱ्या भारतीय माशांवर एक पुस्तिका लिहिली. तिच्यात पंचॅक्स आहे. ती वाचली तेव्हा माझे शेकडो गप्पी कृष्णेत गेलेले होते.

त्यानंतर आम्ही साताऱ्याला आलो. माडीवरचे कपाट वाचले होते. ऑक्टोबरात चिठ्ठीवरची तारीख उलटल्यावर मी साताऱ्याच्या पाण्यात ती पिशवी रिकामी केली. अकरा पिल्ले निघाली. मोठी झालेली पाचही नर निघाली, त्यामुळे २०२० च्या टाळेबंदीत ती ओळ संपली. परदेशी मासा मी पुन्हा आणला नाही.

२०२२ मध्ये कुडाळला गेलो. महामार्ग आता चौपदरी झाला आहे, शाखा दुसऱ्या इमारतीत गेली आहे आणि तिच्या मागचा व्हाळ सिमेंटच्या भिंतींत घातला आहे. त्यात मला एकही मासा दिसला नाही. दीड तास वर चालत गेलो तेव्हा एका माडा-पोफळीच्या बागेत पाटाच्या कडेला, केवड्याच्या मुळांपाशी, चार टिकल्या चमकल्या. बागेच्या मालकाने परवानगी दिली. सहा पिकू आणले. आज टाकीत आहेत ती त्यांची नातवंडे.

त्या आरोग्यसेविकेला हे सगळे मी सांगितले. चहा निवला. ती म्हणाली, "मग काका, तुमचे हे पिकू द्या ना. केंद्रातून आम्ही विहिरीत गप्पीच सोडतो."

"विहिरीत नाही देणार," मी म्हणालो. तिचा चेहरा उतरला. कृष्णेच्या या बाजूच्या विहिरीत कोकणातला मासा सोडणे म्हणजे पुन्हा तेच, हे मी तिला समजावले. घरातल्या हौदात, पिंपात, जिथून पाणी ओढ्याला जात नाही अशा ठिकाणी जरूर. आणि जाळी लावून, कारण उडी मारतो. तिनेही मला समजावले. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंप उलटे झालेच पाहिजे, मासे असोत की नसोत. यावर आमचा करार झाला. दर बुधवारी मी सगळ्या अळ्या गाळून पिंप घासून उन्हात पालथे घालतो आणि इतर दिवशी त्यावर मच्छरदाणीचे कापड ताणून बांधतो. वहीतली नोंद तिने खोडली नाही. खाली पूर्तता झाली असा शेरा मात्र मारला.

दिवाळीत ती दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. त्यांच्या घरच्या पिंपात माझे दोन पिकू आहेत, एक नर, एक मादी. मुलीच्या हातात लोकरीचा झुबका होता, गुलाबी.

"आजोबा, हिरवी लोकर नव्हती. चालेल का?"

मी तो उजेडात धरला. चार अंडी होती. एकात डोळे दिसत होते.

"तारीख लिहिलीस का?" मी विचारले.